हनुवटी वर, खांदे पुढे

छातीचा एक्स-रे काढायला आलेला माणूस आत येतो आणि यंत्राकडे तोंड करून उभा राहतो. फोटो समोरून काढायचा असतो ही त्याची जन्माची सवय असते, आणि आपण एक्स-रेलाही ‘छातीचा फोटो’च म्हणत आलो असल्यामुळे त्यात त्याचा काही दोष नसतो. मी त्याला वळायला सांगते. छाती समोरच्या उभ्या फळीला टेकवायची आणि पाठ किरण सोडणाऱ्या ट्यूबकडे, म्हणजे माझ्याकडे, करायची हे ऐकल्यावर बरेच जण मान मागे वळवून विचारतात, “पण छातीचा काढायचाय ना?” रेडिओग्राफर म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर मला वाटते की या विषयातला पहिला आणि सर्वांत नेमका प्रश्न हाच आहे. शिकत असताना तो मला पडला नाही, याचे वाईट वाटते.

एक्स-रे ही सावली आहे. भिंतीजवळ धरलेल्या हाताची सावली हाताएवढीच आणि रेखीव पडते. तोच हात दिव्याजवळ नेला की सावली फुगते आणि तिच्या कडा विरघळतात. हृदय छातीत पुढच्या बाजूला, उरोस्थीच्या मागे, थोडे डावीकडे कलून बसलेले असते. छाती फळीला टेकवली की हृदय भिंतीजवळच्या हातासारखे होते. शिवाय दिवा जितका लांब, तितकी सावली वस्तूच्या खऱ्या मापाला जवळ येते, म्हणून ट्यूब ७२ इंचांवर, म्हणजे सुमारे १८० सेंटीमीटरवर ठेवतात. विल्हेल्म रॉन्टगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले आणि त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताची जी प्रतिमा घेतली, तीही अशीच सावली होती. हाडे आणि बोटातली अंगठी ठळक, आणि हात थेट प्लेटवर टेकवलेला. किरणांचा स्वभाव ठाऊक नव्हता म्हणून त्यांनी बीजगणितातल्या अज्ञात राशीचे अक्षर या किरणांना दिले, आणि आपणही आपल्या अज्ञात राशीचे ‘क्ष’ देऊन मोकळे झालो.

या उभे राहण्याला पोस्टेरो-अँटेरिअर, म्हणजेच पीए म्हणतात. पोस्टेरिअर म्हणजे मागचे, अँटेरिअर म्हणजे पुढचे. किरण पाठीतून शिरतात आणि छातीतून बाहेर पडतात, एवढाच त्याचा अर्थ. उलट दिशेने गेले तर एपी, कुशीकडून गेले तर लॅटरल. परीक्षेपुरते हे सगळे मी पाठ केले होते. ही नावे म्हणजे माणूस यंत्रासमोर कसा उभा होता याची जबानी असते आणि ती जबानी देणारी व्यक्ती मी असते, हे मात्र मला नोकरी लागल्यावर, आणि तेही चूक केल्यावर, उमगले.

रात्रपाळी होती. वॉर्डातल्या एका आजींना दम लागला होता आणि त्यांना उठून बसणेही जमत नव्हते. पोर्टेबल मशीन घेऊन गेले, नर्सच्या मदतीने कॅसेट, म्हणजे फिल्मची चपटी पेटी, त्यांच्या पाठीखाली सरकवली, वरून ट्यूब आणली आणि एक्स-रे काढला. ट्यूब जेमतेम एक मीटरवर होती. किरण छातीतून शिरून पाठीकडे गेले होते, म्हणजे हा एपी, आणि तोही उताण्या अवस्थेतला. तेवढ्यात दुसऱ्या वॉर्डातून बोलावणे आले. मी नाव घातले, बाजूची खूण घातली, पण ‘एपी, उताणे’ हे लिहायचे राहून गेले. सकाळी तो एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांनी हृदय मोठे असल्याचे आणि फुप्फुसाच्या वरच्या भागातल्या रक्तवाहिन्या फुगल्याचे नोंदवले. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की हृदय थकल्याची शंका येते, आणि आजींच्या मुलीला तसे सांगितलेही गेले.

दुपारी ज्येष्ठ रेडिओलॉजिस्टांनी मला बोलावून घेतले. आवाज न चढवता त्यांनी विचारले, “उभं करून काढलात की पलंगावर?” मी सांगितले. त्यांनी फिल्मवरच्या दोन तिरप्या, फिकट कडांवर बोट ठेवले. ती खांद्यांची पाती होती, दोन्ही फुप्फुसांच्या ऐन अंगावर आलेली. “हे बघून मला शंका आली. हे लिहिलेलं असतं तर शंका यायची वेळच आली नसती.” उताणे झोपल्यावर रक्त वरच्या भागाकडेही पसरते, श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, वर सरकते, हृदय आडवे होते आणि त्यात जवळची ट्यूब त्याची सावली आणखी फुगवते. पीए प्रतिमेत मोठ्या माणसाच्या हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक नसावी असा ढोबळ नियम आहे. तो पलंगावरच्या एक्स-रेला जसाच्या तसा लावता येत नाही. तिसऱ्या दिवशी दोघांच्या आधाराने आजी उभ्या राहिल्या, पीए काढला आणि हृदय निम्म्याच्या आत आले. दोन अक्षरे न लिहिल्यामुळे एका मुलीने दोन रात्री कशा काढल्या असतील, याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

त्या दोन कडांमुळे माझे लक्ष खांद्यांवर बसले, ते आजतागायत तसेच आहे. पातीची हाडे, म्हणजे स्कॅप्युला, पाठीला घट्ट बांधलेली नसतात. ती स्नायूंच्या आधारावर सरकतात. हाताच्या पालथ्या बाजू कमरेवर टेकवून, तळवे मागे ठेवून, कोपरे पुढे ढकलली की पाती बाजूला होतात आणि फुप्फुसे मोकळी दिसतात. ज्यांचे खांदे आखडलेले असतात त्यांना मी फळीला मिठी मारायला सांगते. त्यानेही काम भागते. हनुवटी वर हवी, नाहीतर मान आणि जबडा फुप्फुसांच्या शिखरांवर सावली टाकतात. लांब वेणी पाठीवर तशीच राहिली तर शिखराजवळ अशी काही छटा उमटते की नवख्या डोळ्याला तिथे आजारच दिसावा. साखळी किंवा बटण उघड धातूसारखे दिसते, त्यामुळे ते फार फसवत नाही. फसवतात त्या मऊ गोष्टी.

यानंतर मी पायांकडे पाहते. हे कुणी शिकवले नव्हते. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर कंबर कलते, कमरेमागून धड किंचित वळते आणि छातीची एक बाजू फळीपासून सुटते. प्रतिमेत हे कळते ते गळ्याजवळच्या हाडांवरून. दोन्ही क्लॅव्हिकलची आतली टोके मणक्यांच्या मागच्या काट्यांपासून सारख्या अंतरावर असली की माणूस सरळ उभा होता. एक टोक जवळ आणि दुसरे लांब असेल तर तो वळला होता. बोटभर वळण पुरेसे असते. त्याने एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळे दिसते, श्वासनलिका सरकल्यासारखी वाटते, हृदयाचा आकार बदलतो. मग रिपीट करावा लागतो. पीए एक्स-रेत मिळणारा किरणांचा डोस फार नसतो. तो साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट भरतो, आणि निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे हे तीनेक दिवसांचे झाले. तरी माझ्या आळसापोटी कुणाच्या वाट्याला आणखी तीन दिवस का यावेत, हा प्रश्न उरतोच.

किरणांचा मध्य सातव्या वक्षीय, म्हणजे छातीच्या भागातल्या सातव्या, मणक्यावर यावा लागतो. मणका दिसत नाही, म्हणून हाताने शोधायचा. मान खाली झुकवली की तळाशी एक ठळक हाड बोटाला लागते. तो मानेचा सातवा मणका. तिथून खाली पुरुषांत सुमारे २० आणि स्त्रियांत सुमारे १८ सेंटीमीटर गेले की ती जागा येते, म्हणजे वीतभर किंवा वितीला थोडे कमी. मी आजही वीत लावूनच पाहते. खांद्याच्या पातीचे खालचे टोकही साधारण त्याच पातळीवर असते, त्यामुळे पडताळा मिळतो.

आता श्वास. छातीच्या एक्स-रेत चित्र दिसते ते हवेमुळे. हवा, चरबी, पाणी, हाड आणि धातू अशा पाच घनतांमध्ये ही प्रतिमा विभागलेली असते, आणि रक्त, स्नायू, हृदय, यकृत हे सगळे पाण्याच्याच रांगेत बसतात. हृदयाची कड दिसते ती केवळ तिच्या शेजारी हवेने भरलेले फुप्फुस असते म्हणून. उजव्या फुप्फुसाचा मधला खंड न्यूमोनियाने भरला की हृदयाची उजवी कड पुसली जाते, कारण पाण्याशेजारी पाणी आले. बेंजामिन फेल्सन यांनी १९५० मध्ये या पुसल्या गेलेल्या कडेला ‘सिल्हूट साइन’ हे नाव रूढ केले. सावल्यांच्या शास्त्रात न दिसणे हीसुद्धा खूण ठरते, हे मला फार आवडते.

पण माणसाने श्वासच अर्धवट घेतला असेल तर सगळाच खेळ बिघडतो. फुप्फुसांचे तळ दाटतात, त्यांत नसलेला आजार दिसू लागतो, हृदय रुंद होते. म्हणून पहिला श्वास घेऊन सोडायला सांगायचे आणि दुसरा घेतल्यावर रोखायला लावायचे. पहिल्या श्वासात संकोच असतो. यंत्र आवाज करील का, टोचेल का, काही होईल का, हे सगळे त्यात असते. दुसरा श्वास खरा असतो. तो खरा होता की नाही याचा पुरावा बरगड्या देतात. बारा जोड्यांपैकी मागच्या बाजूच्या दहा बरगड्या श्वासपटलाच्या वर मोजता आल्या पाहिजेत. नवशिके इथे हमखास चुकतात, कारण ते पुढच्या बरगड्या मोजत बसतात. मागच्या जवळजवळ आडव्या आणि ठळक असतात. पुढच्या तिरक्या उतरत जातात आणि शेवटी कूर्चेत शिरून दिसेनाशा होतात. लहान मुलांना यातले काहीच सांगता येत नाही. रडणारे मूल हे मात्र या कामात वरदान असते, कारण दोन हुंदक्यांच्या मध्ये ते छाती भरभरून हवा घेते, आणि आपल्याला फक्त ताल पकडायचा असतो.

कधी कधी श्वास सोडायलाही लावावे लागते. मुख्य श्वासनलिका जिथे दुभंगते तिथून उजवी शाखा रुंद, आखूड आणि अधिक उभी उतरते, त्यामुळे मुलांच्या घशातून चुकून आत गेलेला मणी किंवा दाणा बहुधा उजवीकडेच जातो. तो झडपेसारखा अडकला असेल तर हवा आत शिरते पण बाहेर पडत नाही, आणि श्वास सोडतानाच्या प्रतिमेत ते फुप्फुस हट्टाने काळेच राहते. एका श्वासाच्या दोन टोकांना काढलेल्या दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या की काय अडले आहे ते दिसते.

त्या दुभंगाच्या जागेला कॅरिना म्हणतात, आणि लॅटिनमध्ये कॅरिना म्हणजे नावेच्या तळाचा कणा. शब्दांचा हा नाद मला उशिरा लागला. थोरॅक्स हा शब्द ग्रीकमध्ये छातीवरच्या चिलखतासाठी होता. क्लॅव्हिकल म्हणजे लहानशी किल्ली. अझायगॉस ही उजवीकडून जाणारी शीर, जिच्या जोडीला डावीकडे तशीच दुसरी नाही. ‘झायगॉन’ म्हणजे जू, आणि आरंभीचा ‘अ’ आपल्या अनाथ, अशक्त यांतलाच नकार. संस्कृतातले युग आणि ग्रीक झायगॉन हे एकाच मुळाचे आहेत, आणि बैलांच्या मानेवरचे आपले जूही तिथूनच आलेले. इतके कळल्यावर हे नाव पाठ करावे लागले नाही. जोडीदार नसलेल्या बैलासारखी ती शीर तेव्हापासून लक्षात राहिली.

या सगळ्यांत माझा आवडता शब्द कॉस्टोफ्रेनिक. कॉस्टा म्हणजे बरगडी आणि फ्रेन म्हणजे श्वासपटल. दोहोंच्या मधला तो खालचा टोकदार कोपरा. ग्रीकांच्या लेखी फ्रेन म्हणजे मनसुद्धा होते, म्हणूनच स्किझोफ्रेनिया या शब्दात ते श्वासपटल जाऊन बसले आहे. आपल्याला याचे नवल वाटायचे कारण नाही. आपलाही ऊर भरून येतो, छाती दडपते, आणि आपण काही बोललो तर छातीठोक बोलतो.

तर हा कोपरा. फुप्फुसाभोवतालच्या आवरणात पाणी साचू लागले की उभ्या माणसात ते इथे उतरते आणि सुरीच्या टोकासारखा कोपरा बोथट होतो. पीए प्रतिमेत तो बोथट दिसायला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. त्याहून कमी असेल तर कुशीवरून काढलेल्या लॅटरलमध्ये मागच्या कोपऱ्यात आधी कळते. आणखी कमी असेल तर माणसाला कुशीवर आडवे करायचे, काही मिनिटे तसेच राहू द्यायचे आणि मग आडव्या किरणांनी प्रतिमा घ्यायची. ही झाली डेक्युबिटस. पाणी खाली जाते, हवा वर जाते. पाच मिनिटे थांबायचे ते या एवढ्याशा गोष्टीला अवधी मिळावा म्हणून, आणि घाईच्या दिवशी आम्ही नेमके तेच विसरतो. लिओपोल्ड ऑएनब्रुगर या वैद्याने १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आतले पाणी ओळखण्याची रीत ग्रंथात मांडली. त्याचे वडील खानावळ चालवत आणि पिंपे ठोकून आतली पातळी ओळखत, असे सांगतात. छातीठोक या शब्दाला आमच्या धंद्यात असा खराखुरा पूर्वज आहे.

बाजूच्या खुणेबद्दल एकच सांगते. प्रतिमा पाहताना माणूस आपल्या समोर उभा आहे असे मानतात, म्हणजे त्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला येतो. प्रत्यक्षात त्याने आमच्याकडे पाठ केलेली असते, पण पडद्यावर आम्ही त्याला तोंड फिरवायला लावतो. या उलटापालटीत त्याची खरी उजवी बाजू टिकून राहते ती फक्त शिशाच्या एका अक्षरामुळे, आणि ते अक्षर किरण जाण्यापूर्वी फळीवर लागलेले असावे, नंतर संगणकावर चिकटवलेले नव्हे. एकदा एका तरुणाचे हृदय मला उजवीकडे दिसले. माझ्या हातून प्रतिमा उलटली असेच पहिल्यांदा वाटले. पण अक्षर जागेवर होते, आणि जठरातल्या हवेचा बुडबुडाही उजवीकडेच होता. त्याचे सगळेच अवयव आरशात पाहावेत तसे मांडलेले होते. त्याला हे ठाऊक नव्हते आणि त्याचे काही अडलेही नव्हते.

श्वास रोखता येतो, हृदय रोखता येत नाही. म्हणून व्होल्टेज चढे ठेवून किरण शक्य तितक्या कमी वेळात, सेकंदाच्या अगदी लहान अंशात सोडायचे असतात. त्या क्षणापर्यंतचे सगळे काम हाताने आणि आवाजाने होते. आणि पाठमोऱ्या माणसाला आमचा हातही दिसत नाही. शिशाच्या काचेआड गेल्यावर आमच्याजवळ उरतो तो फक्त आवाज. हे मला नीट कळले ते ज्या दिवशी आवाजही उरला नाही तेव्हा.

त्या आजोबांना ऐकू जवळजवळ येतच नव्हते, आणि सोबत कुणी नव्हते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, छातीवर हात ठेवून श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, आणि रोखून धरून दहा बोटे एकेक मिटून दाखवली. त्यांनी शाळेतल्या मुलासारखे माझ्याबरोबर दोनदा करून पाहिले. मग त्यांना वळवले. हनुवटी बोटाने वर केली, हात कमरेवर टेकवले, खांदे दोन्ही तळव्यांनी पुढे ढकलले, पाय पाहिले, मानेपासून वीत लावली आणि काचेमागे आले. आता त्यांना मी दिसत नव्हते आणि माझे काही ऐकूही येणार नव्हते. मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. गाऊनच्या चुण्या ताणल्या, सैल झाल्या. पुन्हा ताणल्या, या वेळी अधिक, आणि तशाच थांबल्या. मी बटण दाबले.

पडद्यावर प्रतिमा आली. मागच्या बरगड्या मोजल्या, दहा भरल्या. गळ्याची हाडे सारख्या अंतरावर होती, पाती बाहेर होती, दोन्ही कोपरे टोकदार होते. मान वर करून काचेतून पाहिले तर आजोबा तसेच उभे होते, श्वास रोखून. कमरेवर टेकलेल्या हातांचे तळवे माझ्याकडे होते आणि त्यांवर एकेक बोट सावकाश मिटत होते. मी धावत आत जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा आठवे मिटले होते.